मूत्रपिंडाची तक्रार

रक्तदाब चढला की आपण हृदयाला बोल लावतो, नाहीतर सुनेच्या हातच्या मिठाला. मूत्रपिंडाचे नाव सहसा कोणी घेत नाही. वास्तविक हृदयातून निघालेल्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा या जोडगोळीच्या वाट्याला येतो.

समजा, वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचा नळ आतून गंजला. पाणी बारीक येऊ लागले. बिऱ्हाडकरूला वाटते, टाकीतच खडखडाट आहे. तो पंप जोराने चालवायला लावतो, आणि साऱ्या इमारतीचे नळ फुटायची पाळी येते! रोहिणी अरुंद झालेले मूत्रपिंड हेच करते. रक्त कमी पोचले की ते रेनिन नावाचे द्रव्य सोडते. त्यापायी अंगभरच्या रक्तवाहिन्या आवळतात, मीठपाणी साठते, दाब चढतो. अमेरिकेतील हॅरी गोल्डब्लाट यांनी १९३४ साली कुत्र्यांची ही रोहिणी चिमटीने आवळून ते दाखवून दिले. नाक दाबले की तोंड उघडते, ते असे.

उतारवयात ही वाट चरबीच्या थराने बुजते. तंबाखू आणि मधुमेह हातभार लावतात. तरुण स्त्रियांत कधी रोहिणीची भिंतच सदोष वाढते, कधी ताकायासू नावाच्या दाहाने ती आकसते. तेव्हा पंचविशीतल्या मुलीचा चढा रक्तदाब ‘परीक्षेची काळजी’ म्हणून सोडून देऊ नये.

अरुंद वाट रुंद करावी, हे सरळ शहाणपण. झुरिकच्या ग्रुंट्झिग यांनी १९७८ साली फुग्याने ती रुंद केल्याचे जाहीर केले. पुढे जाळीदार स्टेंट आला. पण २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, नऊशेहून अधिक रुग्णांच्या पाहणीत निराळेच दिसले. चरबीने वाट बुजलेल्यांत, नुसती औषधे घेणारे आणि औषधांबरोबर स्टेंट बसवलेले, यांच्यात हृदयविकार, पक्षाघात वा मृत्यू यांबाबत लक्षणीय फरक पडला नाही. सदोष भिंतीच्या प्रकारात मात्र फुगा चांगला गुण देतो. औषधांना दाद न देणारा दाब, वरचेवर फुप्फुसात भरणारे पाणी, अशा वेळीही डॉक्टर स्टेंटचा विचार करतात.

बाकीच्यांचे तारण रोजच्या गोळीतच आहे. रेनिनचा जोर मोडणारी गोळी सुरू केल्यावर रक्ततपासणी मात्र चुकवू नये. दोन्ही रोहिण्या अरुंद असल्या, तर त्याच गोळीने मूत्रपिंडे मंदावतात. आणि ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळी परस्पर बंद करू नये. दाब उतरलेला असतो तो तिच्यामुळेच. नळाचा गंज जागच्या जागी असतो.