घराबाहेरचें पान

गेल्या महिन्यांत एका वाचक भगिनीचें पत्र आलें. त्या ठाण्यास राहतात. पतिपत्नी दोघेंहि नोकरी करतात, आणि पुढील पंधरवड्यांत त्यांचे सासूसासरे आठ दिवसांसाठीं गांवाहून येणार आहेत. त्या लिहितात, "रविवारीं सर्वांनीं मुंबईंत कोठेंतरी बाहेर जेवावें असें माझ्या मनांत आहे, परंतु घरांत चूल पेटत असतांना खाणावळीच्या पायऱ्या चढणें हें चांगल्या घराचें लक्षण नव्हे, असें सासूबाईंचें म्हणणें. त्यांचें मन न मोडतां त्यांना कोठें न्यावें, हें आपण सुचवाल काय?"

प्रश्न साधा दिसतो, परंतु त्याच्या पोटांत दोन प्रश्न आहेत. मुंबईंत चांगलें कोठें मिळतें हा एक, आणि घरच्या बाईनें बाहेर कां जेवावें हा दुसरा. पहिल्याचें उत्तर ज्याच्या त्याच्या जिभेपाशीं असतें. दुसऱ्याचें उत्तर मला स्वतःला फार उशिरां मिळालें, म्हणून तें शेवटीं सांगतें.

प्रथम सासूबाईंच्या आक्षेपाविषयीं. तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. १८९० सालीं पुण्यास पंचहौद मिशनमध्यें चहा घेतल्यावरून न्यायमूर्ति रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर प्रायश्चित्ताचा वाद ओढवला होता. ज्या समाजांत चहाच्या एका पेल्यावरून एवढें वादळ उठतें, त्यांतील बायकांना हॉटेलची पायरी अवघड वाटली तर नवल नाहीं. पुढें नोकरीसाठीं मुंबईस एकटे राहणारे तरुण वाढले, त्यांच्यासाठीं गिरगांवांत नि दादरला खाणावळी निघाल्या, आणि पाटीवर जात लिहून गिऱ्हाइकाच्या मनाची समजूत घालण्याची रीतहि पुष्कळ वर्षें चालली. ती पाटी उतरली हें उत्तम झालें. आज आपण ज्या बांकावर बसतों त्यावर आधीं कोण बसलें होतें हें कोणी विचारूं नये. तें पुसलेलें आहे कीं नाहीं, एवढेंच पाहावें.

गेल्या वर्षीं माझ्या सासूबाई वाईहून महिनाभर राहावयास आल्या होत्या. त्यांचें वय अठ्ठ्याहत्तर. बाहेर जेवण्यास त्यांचा विरोध नव्हता, परंतु उत्साहहि नव्हता. "तुम्ही जाऊन या, मी घरीं मुगाची खिचडी टाकतें," हें त्यांचें ठरलेलें उत्तर. शेवटीं नातवानें हट्ट धरला, आणि आमचे चार रविवार चार दिशांना गेले. त्या चार रविवारांचा हा वृत्तांत आमच्या भगिनीस उपयोगी पडेल अशी आशा आहे.

पहिला रविवार अर्थातच दादरचा. स्टेशनाबाहेर पडतांच मामा काणे यांचें उपाहारगृह आहे. तें १९१० सालचें. बटाटेवडा हें तेथील भूषण. ह्याच दादर स्टेशनाबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनीं वडा पावांत घालून विकण्यास आरंभ केला असें सामान्यतः मानलें जातें, आणि आज तो वडापाव साऱ्या मुंबईचें दुपारचें जेवण होऊन बसला आहे. परंतु बशींतला, चटणीबरोबर सावकाश खाण्याचा वडा ही निराळी चीज आहे. सासूबाईंनीं अर्धा वडा खाऊन, "बरा आहे," असा अभिप्राय दिला. त्यांच्या शब्दकोशांत यापुढची पदवी नाहीं.

तेथून शिवाजी पार्काच्या बाजूस प्रकाशमध्यें गेलों. साबुदाणावडा आणि पियूष यांसाठीं लोक तेथें रांग लावून उभे राहतात. श्रीखंडाचा गोडवा, ताकाचा आंबटपणा आणि जायफळाचा वास यांचें हें पेय बहुतेक घरांतून आतां नाहींसें झालें आहे, म्हणून तें अवश्य घ्यावें. सासूबाईंचा त्या दिवशीं उपास होता, म्हणून साबुदाणावडा त्यांना निःशंकपणें चालला. नातू मात्र खट्याळ. तो म्हणाला, "आजी, बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद, हीं चारहि मंडळी मूळचीं अमेरिकेचीं. पोर्तुगीज आले नसते तर तुझा उपास कसा झाला असता?" सासूबाईंनीं शांतपणें उत्तर दिलें, "वरीचे तांदूळ होते ना!" वाद तेथेंच मिटला.

जवळच गडकरी चौकांत आस्वाद आहे. १९८६ सालीं निघालेल्या ह्या उपाहारगृहाची मिसळ २०१५ सालीं फूडी हब ह्या खवय्यांच्या मंडळाच्या पारितोषिकांत जगांतील उत्कृष्ट शाकाहारी पदार्थ ठरली. जगाचा निकाल जगापाशीं. मला ती आवडते ती वेगळ्याच कारणासाठीं. कोल्हापुरी तर्रीच्या हव्यासानें मिसळ म्हणजे तिखटाची परीक्षा अशी जी समजूत पसरली आहे, तिला ही बळी पडलेली नाहीं, आणि तींत मटकीची चव मटकीलाच येते. म्हाताऱ्या माणसांस चालेल अशी मिसळ हवी असेल तर येथें यावें. मात्र सकाळीं नऊच्या आंत यावें, नाहींतर पाऊण तास उभें राहावें लागतें.

दुसऱ्या रविवारीं धोबीतलावास कयानीमध्यें गेलों. १९०४ सालचें हें इराणी हॉटेल. इराणी मंडळींना रस्त्यांच्या कोपऱ्यांवरच्या जागा मिळाल्या त्या कोपरा अशुभ मानून इतर दुकानदार त्या घेत नसत म्हणून, असें सांगतात. तसें असेल तर आपल्या भोळ्या समजुतींनीं मुंबईचें केलेलें हें एकच भलें होय. संगमरवरी फरशीचीं मेजें, बाकदार लांकडी खुर्च्या, कडक ब्रून पावाला लावलेला मस्का आणि दाट गोड चहा. सासूबाईंनीं पाव चहांत बुडवून खाल्ला आणि दोनदां विचारलें, "यांत अंडें नाहीं ना?" पावांत नाहीं, मावा-केकांत असतें, हें वाढणाऱ्यानेंच न हंसतां सांगितलें. शाकाहारी माणसाच्या शंकेस सरळ उत्तर मिळणें ही माझ्या मतें हॉटेलची पहिली कसोटी. परततांना ठाकुरद्वारास विनय हेल्थ होममध्यें शिरलों. गिरगांवांत वाढलेल्या माणसाला मिसळीविषयीं बोलतें करावयाचें असेल तर हें एक नांव घ्यावें. मग त्याला थांबविणें कठीण.

तिसऱ्या रविवारीं घोडचूक झाली. एका नव्या, झगमगीत हॉटेलांत 'खास मराठी थाळी' मिळते असें ऐकून तेथें गेलों. नांव घेत नाहीं. पितळेचीं ताटें, वाढप्यांना फेटे, भिंतीवर नथींचीं चित्रें असा सगळा थाट होता, परंतु आमटींत गुळाचा पाक आणि पुरणपोळी फ्रिजमधून नुकतीच बाहेर आलेली. शिवाय आमचें जेवण निम्म्यावर असतांनाच मागें पुढचें गिऱ्हाईक आणून उभें केलें. सासूबाई कांहीं बोलल्या नाहींत. ताटांतलें सर्व संपवून उठल्या, कारण अन्न टाकावयाचें नसतें. परंतु घरीं आल्यावर त्यांनीं निमूटपणें तांदूळ निवडावयास घेतले, त्यावरून मी काय समजावयाचें तें समजलें. त्याची भरपाई म्हणून रात्रीं काळबादेवीस श्री ठाकर भोजनालयांत गेलों. १९४५ सालापासून तेथें गुजराथी पद्धतीचें जेवण मिळतें. पातळ, मऊ फुलके तुपानें माखून एकामागून एक येत राहतात, आणि "पुरे" म्हटल्यावर वाढणाऱ्याच्या तोंडावर जें खरें दुःख दिसतें तें फेटे बांधून येत नाहीं.

चौथा रविवार माटुंग्याचा. तेथें १९४० सालचें कॅफे मद्रास आहे. त्याचा रवा-इडलीसाठीं लौकिक आहे, आणि फिल्टर कॉफी तर घ्यावीच. परंतु आम्हांला जेवावयाचें होतें, म्हणून आम्ही माटुंगा स्टेशनाजवळ बाजाराच्या इमारतींत पहिल्या मजल्यावर असलेल्या रामा नायक यांच्या श्रीकृष्ण बोर्डिंगांत गेलों. १९४२ सालीं सुरू झालेली ही उडुपी खाणावळ. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम्, भाज्या, पापड, दहीं. पाहिजे तेवढें वाढतात, परंतु पानांत टाकूं देण्याची रीत नाहीं. जिना चढावा लागतो, एवढें वृद्धांनीं ध्यानांत ठेवावें.

आम्ही चौघें एका ओळींत बसलों. वाढणारा भात घेऊन आला तो सासूबाईंच्या बाजूनें. त्यांनीं पानावर हात आडवा धरला आणि म्हणाल्या, "आधीं त्यांना वाढा." त्याला मराठी बेताचेंच येत असावें. तो हंसला, त्यांच्या पानावर वाफाळलेल्या भाताची रास घातली आणि पुढें गेला. अर्ध्या मिनिटांत चारहि पानें भरलीं. सासूबाई क्षणभर आमच्याकडे पाहत बसल्या, मग भातावर रसम् घेऊन जेवूं लागल्या. मधून मधून त्यांचा हात उठण्यासाठीं जमिनीचा आधार शोधावा तसा मेजाच्या कडेवर जात होता. कोणाला काय हवें, काय सरलें, हें पाहण्याचें काम त्या दिवशीं त्यांच्याकडे नव्हतें, आणि हाताला तें ठाऊक नव्हतें.

जिना उतरतांना त्या म्हणाल्या, "अगं, भात किती गरम होता!"

मला वाटलें तक्रार आहे. मीं विचारलें, "आई, तोंड भाजलें कां?"

"नाहीं गं. लग्न होऊन आलें तेव्हांपासून इतका गरम भात पानांत पडलाच नव्हता."

आधीं पुरुष, मग मुलें, मग पाहुण्या बायका, आणि सर्वांत शेवटीं, उरलेल्या भातावर गार आमटी ओतून, घरची सून. साठ वर्षें हा क्रम चालला, आणि त्याला आम्ही घरचें वळण म्हणत आलों. मला वाईट वाटलें तें याचें, कीं मी शिकलेली, तीस वर्षें नोकरी केलेली. तरीहि माझ्या घरीं शेवटची पोळी तव्यावरून उतरेपर्यंत मी उभीच असतें, आणि सासूबाई आल्या म्हणजे त्या माझ्यासाठीं थांबतात. दोघी मिळून गार जेवतों, आणि त्याला प्रेम म्हणतों.

बाहेरचें अन्न कोणाच्या हातचें असेल कोण जाणे, असा एक आक्षेप असतो. तें कोणाच्या तरी हातचें असतें हें खरें, आणि तेंच आपण विसरतों. ह्या शहरांतील गिरणीकामगारांचे डबे वर्षानुवर्षें चाळींतल्या बायकांनीं एका खोलींत, सावकाराच्या पैशावर किराणा आणून शिजविले. त्यांना बँकेचें कर्ज मिळावें आणि आपल्या कष्टाचा मोबदला हातीं यावा म्हणून प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ काढलें. ज्या कामाला घरांत मोल नाहीं, त्याला घराबाहेर दाम मिळतो, हें त्या बायकांनीं दाखवून दिलें. आपण दाम देऊं नये, परंतु मोल तरी ओळखावें.

म्हणून आमच्या भगिनीस माझें सांगणें असें: सासूबाईंना माटुंग्यास न्या, रविवारची गर्दी टाळण्यासाठीं साडेअकराच्या सुमारास पोंचा, आणि त्यांना ओळीच्या त्या टोंकाला बसवा जेथून वाढप सुरू होतें. चांगल्या घराचें लक्षण यांवर वाद घालूं नका. परंतु सोमवारीं घरीं आल्यावर भांडीं मेजाच्या मध्यें ठेवून सर्वांनीं एकदम बसावें, हेंहि करून पाहा. बाहेरच्या एका जेवणानें घरचीं शेंकडों जेवणें फिटत नाहींत.

आमच्याकडे त्या दिवसापासून पोळ्या आधीं करून डब्यांत भरून ठेवतों. पहिल्या आठवड्यांत माझ्या मुलानें तक्रार केली, "पोळी गार लागते." सासूबाईंनीं त्याच्या पानांत दुसरी पोळी वाढली आणि म्हणाल्या, "लागूं दे. गार पोळीनें कोणी मरत नाहीं; मी साठ वर्षें खाल्ली आहे." तेव्हांपासून ती तक्रार पुन्हां ऐकूं आलेली नाहीं.