तारेचाही नकाशा हवा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, पुणे

विषय : कमी उंचीवरील हेलिकॉप्टरांना विजेच्या तारांचा धोका

महोदय,

२५ मे २०१७ रोजी निलंग्यात तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उड्डाण घेताच तारांत अडकून कोसळले. सगळे बचावले. ऑगस्ट २०१९ मध्ये उत्तरकाशीत पूरग्रस्तांना मदत पोचवणारे हेलिकॉप्टर केबलला धडकले, तिथे तिघे गेले.

आम्ही वैमानिक आणि हेलिपॅडवर राबणाऱ्या माणसांच्या संघटनेचे लोक. वरून खांब दिसतो, तार दिसत नाही. म्हणून खांबावरच्या आडव्या पट्टीवरून तार कुठे गेली ते ताडायचे आणि लाइन ओलांडायची तर टॉवरच्या डोक्यावरून, मधल्या झोळावरून नाही. त्यातही हाय टेन्शनच्या टॉवरवर सर्वांत वर बारीक अर्थ वायर असते. खालच्या जाड तारा चुकवायला हेलिकॉप्टर वर घ्यावे, तर नेमकी तीच आडवी येते.

२०२४ मध्ये पौड आणि बावधन येथे हेलिकॉप्टर कोसळले. बावधनला तिघांचा जीव गेला. हे अपघात तारांमुळे झाले असे आमचे म्हणणे नाही. पण मुंबईची ये-जा याच भागातल्या डोंगरांवरून होते. ढग खाली आले की हेलिकॉप्टरही खाली येते, आणि तिथे तारा दरीवर आडव्या ताणलेल्या असतात. हल्ली नवरी आणायलाही शिवारात हेलिकॉप्टर उतरते, हे वेगळेच.

आमची मुख्य मागणी तात्पुरत्या हेलिपॅडबाबत आहे. चुन्याचा एच आखला जातो, पाणी मारले जाते, अग्निशमनचा बंब उभा राहतो. तारांविषयी विचारले की उत्तर येते, "साहेब, लाइन बंद केलीय." बंद लाइनही पात्यात तेवढीच गुंतते! परवानगीसोबत येण्या-जाण्याच्या दिशेतल्या प्रत्येक तारेचा हाती काढलेला नकाशा असावा. शेतपंपाची वायर आणि इंटरनेटची केबलही त्यात धरावी. त्यावर महावितरणच्या लाइनमनची सही हवी, तीही उड्डाणाच्या दिवशी सकाळी जागेवर उभे राहून केलेली. वायर रातोरात ओढली जाते.

दरी, नदी आणि धरणाचे पाणी ओलांडणाऱ्या लाइनींवर रंगीत गोळे बसवावेत. आंतरराष्ट्रीय निकषानुसार गोळा किमान ६० सेंटिमीटर व्यासाचा असतो, आणि या आकाराचे गोळे ३० मीटरपेक्षा जास्त अंतरावर नसावेत. सुरुवात मुळशी आणि मावळातून करावी.

महावितरण आणि महापारेषणने टॉवरांची ठिकाणे व उंची वैमानिकांना खुली करावी. कायमच्या हेलिपॅडलगतच्या तारा तेवढ्या जमिनीखाली घ्याव्यात. सगळ्याच घाला असे आम्ही म्हणत नाही, खर्च आम्हालाही कळतो.

पावसाळ्याआधी बैठक लावावी, आणि ती दालनात न घेता एखाद्या हेलिपॅडवर घ्यावी. लाइनमनलाही बोलवावे.

आपले,
संघटनेचे पदाधिकारी व सभासद
पुणे