अहसाचे तेल आणि मुळशीचे पाणी

मुळशी तालुक्यातील भरे, पिरंगुट, घोटावडे या पट्ट्यात आपले कार्यकर्ते जमिनीच्या आणि कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोलू लागले की हल्ली त्यांना एक ठरीव उत्तर ऐकून घ्यावे लागते. 'तुम्ही लोक प्रत्येक प्रकल्पाला आडवे येता. त्या अरबांकडे पाहा. वाळूखेरीज त्यांच्यापाशी होते काय? तेल निघाले आणि वाळवंटाचे नंदनवन झाले.' राजापूर तालुक्यातील सड्यांवर हेच उत्तर अधिक मोठ्या आवाजात देण्यात आले, कारण तेथे तर साक्षात अरबांचे भांडवलच येऊ घातले होते. रत्नागिरीच्या नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पात सौदी अरामको आणि अबू धाबीची अॅडनॉक या दोन कंपन्या मिळून निम्मी भागीदारी घेणार, असे २०१८ साली जाहीर झाले होते. आपले कार्यकर्ते या उत्तरापुढे गप्प बसतात, ही गोष्ट मला अधिक काळजीची वाटते. त्या वाळवंटात तेलाने कोणाला काय दिले याचा हिशेब आपण कधी मांडलेलाच नाही. तो मांडावा, एवढ्यासाठी हा लेख.

'वाळूखेरीज काही नव्हते' हे पहिले विधानच खोटे आहे. सौदी अरेबियाचे जवळजवळ सारे तेल त्या देशाच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या पट्ट्यात आहे. या पट्ट्याला पूर्वापार अल-अहसा म्हणतात. पश्चिमेला दहना नावाची तांबड्या वाळूची लांबच लांब पट्टी, दक्षिणेला 'रिकामा प्रांत' या अर्थाच्या नावाचे रुब-अल-खाली हे अफाट वाळवंट, आणि या दोहोंच्या कुशीत झऱ्यांच्या पाण्यावर पोसलेली मरूद्याने. अहसाचे मरूद्यान जगातील सर्वांत मोठ्या मरूद्यानांपैकी एक. तेथे आजही सुमारे २५ लाख खजुरीची झाडे आहेत. हुफूफ आणि कतीफ येथील शेतकरी शतकानुशतके पाटाच्या पाण्याची वाटणी करून खजूर, भात आणि भाजीपाला पिकवीत आले. यांतील पुष्कळसे शिया पंथाचे. किनाऱ्यावरची माणसे मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारीत आणि बदाऊनी टोळ्या उंट-मेंढ्या घेऊन हंगामाप्रमाणे फिरत. या किनाऱ्याच्या मोत्यांची मोठी पेठ आपली मुंबई होती, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. आखाताच्या कित्येक बंदरांत तर भारतीय रुपया हेच चलन होते. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने त्या भागासाठी वेगळ्या नोटा काढल्या आणि कुवेतने १९६१ मध्ये, तर इतर बहुतेकांनी १९६६ पर्यंत, आपापली नाणी पाडली. तेव्हा आखात ही आपल्या दृष्टीने कोठली तरी परीकथेतील भूमी नव्हती. ती शेजारची पेठ होती.

नज्दच्या अब्दुल अझीझ इब्न सौद याने १९१३ साली तुर्कांच्या शिबंदीला हाकलून अहसा घेतला तो तेलासाठी नव्हे. तेलाची वार्ताही तेव्हा नव्हती. खजुराच्या बागा, बंदरे आणि त्यांवरचा सारा यांसाठी त्याने तो घेतला. म्हणजे तेलाच्या पंचवीस वर्षे आधी हा प्रदेश संपन्न होता आणि संपन्न होता म्हणूनच जिंकला गेला. पुढे जपानी कृत्रिम मोत्यांनी आणि १९२९ नंतरच्या जागतिक मंदीने मोत्यांचा धंदा बुडविला, किनारा उपाशी पडला, आणि नेमक्या त्या वेळी तेलवाले आले.

२९ मे १९३३ रोजी जिद्दा येथे सौदी राजाचा अर्थमंत्री आणि कॅलिफोर्नियाची स्टँडर्ड ऑइल कंपनी यांच्यात मक्त्याचा करार झाला. कर्ज आणि पहिल्या वर्षाचे भाडे मिळून ३५ हजार सोन्याची नाणी रोख, आणि तेल लागल्यास दर टनामागे चार शिलिंग सोने. मक्ता साठ वर्षांचा. ज्यांच्या पायांखालची जमीन या कागदाने मक्त्याने गेली त्या अहसाच्या शेतकऱ्याला, कोळ्याला वा मेंढपाळाला कोणी काही विचारले नाही. १९३८ च्या मार्चमध्ये दम्मामच्या सातव्या विहिरीला भरघोस तेल लागले. १९४८ साली घवारचे क्षेत्र सापडले. सुमारे २८० किलोमीटर लांबीची ही चुनखडीची घडी कोट्यवधी वर्षे तेल धरून बसलेली आहे आणि पृथ्वीवर तिच्याएवढे दुसरे सलग तेलक्षेत्र जमिनीवर नाही. त्या घडीच्या माथ्यावर राहणाऱ्या माणसाच्या वाट्याला काय आले?

त्याच्या वाट्याला कुंपण आले. दहरानला कंपनीने वसाहत बांधली ती वर्णाच्या पायऱ्यांवर. अमेरिकनांसाठी हिरवळी, चित्रपटगृह, वातानुकूलित घरे. मधल्या छावणीत हिंदी, पाकिस्तानी, इटालियन कारकून आणि कारागीर. आणि ज्यांची भूमी ती, त्या अरब कामगारांसाठी खजुराच्या झावळ्यांच्या झोपड्या. कारकुनी करणारे आपले देशबांधव त्या मधल्या पायरीवर बसविले गेले होते, हे विसरून चालणार नाही. वरच्याने खालच्याशी कसे वागावे हे मालकाला स्वतः शिकवावे लागत नाही. मधली पायरी ते काम करते.

१९५३ च्या मे महिन्यात या कामगारांच्या प्रतिनिधींनी वेतन, घरे आणि भेदभाव यांविषयी मागण्यांचा अर्ज दिला. ऑक्टोबरात त्यांच्या पुढाऱ्यांना अटक झाली आणि सुमारे १३ हजार कामगार संपावर गेले. वाळवंटात, ज्या देशात वर्तमानपत्र धड नाही, संघटनेला परवानगी नाही, तेथे जवळजवळ सारा कामगारवर्ग काम टाकून बाहेर पडला! लष्कर आले. काही वेतनवाढ पदरात पडली, पण संघटना मान्य झाली नाही. १९५६ च्या जूनमध्ये पुन्हा संप होताच राजाने फर्मान काढून संप हाच गुन्हा ठरविला. १९५३ च्या लढ्यातील एक पुढारी नासिर अल-सईद परागंदा होऊन अखेर बैरुतमध्ये राहत होता. १९७९ च्या डिसेंबरात तो तेथून नाहीसा झाला. 'तेलाने नंदनवन केले' म्हणणाऱ्यांना अहसाच्या इतिहासातील हे पान कोणीतरी वाचून दाखविले पाहिजे. तेथील माणसाने आयता स्वर्ग स्वीकारला नाही. त्याने हक्क मागितला होता आणि त्याला बंदूक दाखविण्यात आली.

येथे आपल्यातीलच काही साथींशी मला वाद घालायचा आहे. १९६० साली बगदादला तेल निर्यातदार देशांची संघटना स्थापन झाली, तिचे एक शिल्पकार होते सौदी तेलमंत्री अब्दुल्ला तारीकी. पाश्चात्त्य कंपन्यांची मक्तेदारी मोडली पाहिजे, असे म्हणणारा हा माणूस राजाला दोनच वर्षांत नकोसा झाला. पण पुढे १९७३ साली त्याच राज्याने कंपनीचा २५ टक्के, १९७४ मध्ये ६० टक्के आणि १९८० पर्यंत सारा हिस्सा आपल्याकडे घेतला, तेव्हा डाव्या वर्तुळांतून जयजयकार झाला. साम्राज्यवाद हरला, असे आपण म्हटले. त्याच वेळी तेलाचे भाव चौपट झाले, आपल्याकडे रॉकेलच्या रांगा लांबल्या, लाटणी घेऊन स्त्रिया मुंबईच्या रस्त्यावर उतरल्या, तेव्हा त्या भाववाढीतील वाटा अहसाच्या कामगाराला मिळतो आहे काय, हा प्रश्न आपण विचारला नाही. मालकी कंपनीकडून राष्ट्राकडे गेली हे खरे. पण ज्या राष्ट्राचे नावच एका घराण्यावरून पडले आहे त्याच्या राष्ट्रीयीकरणाचा अर्थ काय होतो? १९७९ च्या नोव्हेंबरात कतीफची जनता रस्त्यावर आली ती राष्ट्रीयीकरण जवळजवळ पुरे झालेले असताना. तिच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. २०२२ साली अरामकोचा नफा १६१ अब्ज डॉलर होता. आणि स्वतंत्र कामगार संघटनेला त्या देशात आजही थारा नाही. अहसाचे जे झरे पूर्वी आपणहून वाहत, ते अतोनात उपशाने आटले. आता तेथील बागांना पंपाने पाणी द्यावे लागते, आणि घवारच्या पोटात मात्र तेल वर यावे म्हणून समुद्राचे पाणी ढकलले जाते.

कोणी म्हणेल की तेथे शाळा झाल्या, दवाखाने झाले, नागरिकाला प्राप्तिकर नाही. हे सारे झाले आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ते सारे देणगी म्हणून झाले आहे. देणाऱ्याचा हात आखडला किंवा घेणाऱ्याने तोंड उघडले की ते थांबू शकते, आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची जागा नाही. आपल्याकडे लोककल्याणाच्या नावाखाली निवडणुकीच्या तोंडावर जे वाटप चालते त्याची चटक लागलेल्यांना हा फरक कळेनासा झाला आहे, हे जाता जाता नमूद करतो.

संप करणाऱ्या अरबाच्या जागी मग कोण आले? आपण आलो. आपला संबंध जुनाच होता. इराणच्या अबादानला इंग्रजांच्या तेल कंपनीसाठी मुंबईहून कामगार भरती होऊन जात आणि १९२० साली त्या हिंदी कामगारांनीही संप केला होता. परंतु १९७३ नंतर लोंढाच सुरू झाला. खेड, चिपळूण, दापोली, महाड, श्रीवर्धन या तालुक्यांतून प्रथम कोकणी मुसलमान कुटुंबांतील आणि मग इतरांतील तरुण एजंटांचे पैसे भरून सौदीला, कुवेतला, दुबईला गेले. सौदी अरेबियाच्या २०२२ च्या जनगणनेत ३ कोटी २२ लाख लोकसंख्येपैकी १ कोटी ३४ लाख परदेशी निघाले. कतार आणि अमिरातींत तर दहांतले जवळजवळ नऊ. या माणसांना बांधून ठेवणारी पद्धत म्हणजे कफाला. नोकरी देणारा हाच जामीनदार. त्याच्या संमतीवाचून नोकरी बदलायची नाही, कित्येकदा देशही सोडायचा नाही. अलीकडे निरनिराळ्या आखाती राज्यांनी तिच्यात सुधारणा जाहीर केल्या आहेत. पण पासपोर्ट मालकाच्या कपाटात राहण्याची तक्रार अजून थांबलेली नाही.

भांडवलाला हा मजूर का आवडतो ते उघड आहे. तो संप करीत नाही, कारण संप केला तर त्याला विमानात बसविता येते. स्थानिक कामगाराला १९५६ नंतर फर्मानाने गप्प केले. परदेशी कामगाराला व्हिसाच्या मुदतीने. १९९० साली इराकने कुवेत व्यापले तेव्हा सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी परत आणावे लागले. वर्षानुवर्षांची कमाई तेथेच बुडालेली माणसे सहार विमानतळावर उतरली. आजही आपले राज्यकर्ते अभिमानाने सांगतात की परदेशातून येणाऱ्या पैशात भारत पहिला आहे; २०२२ पासून ही रक्कम वर्षाला १०० अब्ज डॉलरांहून अधिक आहे आणि तिचा मोठा भाग आखातातून येतो. खेडच्या वाडीत स्लॅबचे घर उभे राहिले ते या पैशातून, हे मान्य. पण ते घर तेलाच्या वाट्यातून बांधलेले नाही. ते ५० अंशांच्या उन्हात विकलेल्या श्रमांतून बांधलेले आहे.

१२ जून २०२४ रोजी कुवेतमधील मंगफ येथे कामगारांनी खच्चून भरलेली इमारत पेटली. चाळीसहून अधिक भारतीय मेले. तेथल्या राजवटीला आपण शिव्या दिल्या, द्याव्यातच. पण त्याआधी तीन वर्षे, ७ जून २०२१ रोजी, भऱ्यापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या उरवडे येथील रसायनांच्या कारखान्याला आग लागून १७ कामगार जळून गेले. बहुसंख्य स्त्रिया. येथे राजा नव्हता, फर्मान नव्हते, कफाला नव्हती. कारखाना कायदा होता, लोकशाही होती, आणि तरीही प्रेते ओळखू आली नाहीत. अहसा हा फार दूरचा प्रदेश आहे असे कोणी समजू नये.

मुळशीकरांनी तर मुळीच समजू नये. १९३३ च्या जिद्द्याच्या कराराआधी बारा वर्षे याच तालुक्यात नीला-मुळेच्या संगमावर टाटा कंपनीच्या धरणासाठी पन्नासाहून अधिक गावांची आणि सुमारे ११ हजार मावळ्यांची जमीन इंग्रज सरकारने कायद्याने मिळवून देण्याचे ठरविले. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे सत्याग्रहाला बसले. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे त्यांच्याबरोबर होते. लढा मोडला तो केवळ तुरुंगांनी नव्हे. पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण होत्या. मोबदला चांगला मिळतो म्हटल्यावर सावकार सरकले आणि कसणाऱ्याच्या हातात काही राहिले नाही. पाणी सह्याद्रीवरून भिऱ्याला उतरले, १९२७ पासून वीज मुंबईला गेली, आणि वापरलेले पाणी कुंडलिकेतून समुद्राला. धरणाच्या काठच्या वाड्या उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, हे आपण वर्तमानपत्रांत वाचत आलो आहोत. अहसात जे तेलाचे झाले ते येथे पाण्याचे आधीच झाले होते.

२०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणासाठी पोलीस आले, तेव्हा तेथील स्त्रिया जमिनीवर आडव्या झाल्या. त्यांना विकासाचे शत्रू म्हणणाऱ्यांनी एवढे सांगावे की, मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला मिळणार की कसणाऱ्याला आणि सड्यावर गुरे चारणाऱ्यालाही? कामगार कायम असतील की कंत्राटी? त्यांना संघटना करता येईल काय? मासेमारी बुडाली तर दाद कोणाकडे? ही उत्तरे लेखी मिळेपर्यंत 'दुबई होईल' हे वाक्य उच्चारू नये.

आपल्या शाखांपुढे काम स्पष्ट आहे. कोकणातील शाखांनी गावागावांतून आखातात गेलेल्यांची नोंद करावी: कोणत्या एजंटामार्फत, किती पैसे भरून, कोणत्या कराराने गेला, पासपोर्ट कोणापाशी आहे. मुळशीतील शाखांनी भरे ते उरवडे या पट्ट्यातील प्रत्येक कारखान्यात कंत्राटी कामगार किती, परप्रांतीय किती, स्त्रिया किती, ते राहतात कोठे आणि आग लागल्यास बाहेर पडायला दारे किती, याची यादी करून ती कारखाने निरीक्षकाच्या कार्यालयात पोचती करावी आणि पोच घ्यावी. उत्तर प्रदेश-बिहारहून आलेल्या मजुरांच्या खोल्यांतून हे काम सुरू करावे. तेथे अजून आपला एकही कार्यकर्ता पोचलेला नाही.