न्हाणीघरातली चकचकीत फरशी

गेल्या सोमवारी एक निवृत्त गुरुजी रक्तदाब तपासायला दवाखान्यात आले. दंडाला पट्टा बांधण्याआधीच त्यांनी पिशवीतून टाइल्सचे जाडजूड कॅटलॉग काढून माझ्या टेबलावर उघडले. जुनी न्हाणी फोडून मुलगा नवे बाथरूम बांधतो आहे, मोरबीचा माल मागवायचा आहे आणि रंगावरून घरात वाद. गुरुजींच्या सौभाग्यवतींना आरशासारखी चमकणारी पांढरी टाइल पसंत. दोघांचीही वये सत्तरीपुढची. मी म्हणालो, "गुरुजी, रंग कोणताही घ्या, पण ही जमिनीवर बसवू नका." डॉक्टरने फरशीच्या भानगडीत कशाला पडावे, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर उमटला. वाचकांपैकी काहींनाही तसेच वाटेल, म्हणून माझ्या घरचीच गोष्ट सांगतो.

आमच्या जुन्या घरी न्हाणीत शहाबादी फरशी होती. खडबडीत, काळपट, दिसायला काही खास नाही. घर दुरुस्तीला काढले तेव्हा ती उखडून मीच मोठ्या हौसेने गुळगुळीत टाइल बसवून घेतली. दुकानात चपला घालून, कोरड्या टाइलकडे नुसते पाहून ऑर्डर दिली. चौथ्या महिन्यात आई पहाटे लघवीला उठली आणि पाय घसरून पडली. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली, पण आई त्यानंतर वॉकरशिवाय कधी चालली नाही. दिवसभर रोग्यांना पथ्ये सांगणाऱ्या माझ्या हे डोक्यात का आले नाही, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

पाळी गेल्यानंतर स्त्रियांची हाडे झपाट्याने विरळ होतात, पुरुषांचीही वयाबरोबर होतातच. अशा हाडाला मोडायला माडीवरून पडावे लागत नाही, उभ्याउभ्या घसरणे पुरते. त्यात रात्री अंथरुणातून एकदम उठले की रक्तदाब खाली येतो. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्या चालू असतील तर अधिकच. मोडलेल्या हाडापेक्षा पुढचे अंथरूण वाईट. पाठीला जखमा, छातीत कफ, पायात रक्ताच्या गुठळ्या. म्हणून पडल्यावर म्हाताऱ्या माणसाला पाय उचलता येत नसेल, तो आखूड आणि बाहेर वळलेला दिसत असेल, तर उभे करून पाहू नका, मालिश तर मुळीच नको. आडवेच ठेवून एक्स-रेला न्या. शस्त्रक्रिया एक-दोन दिवसांत झालेली बरी.

आता टाइलकडे येऊ. कॅटलॉगातल्या चित्रात बाथरूम कोरडे असते आणि आंघोळीची जागा काचेआड. आपल्याकडे आंघोळ, धुणे, पाण्याचे ड्रम सारे त्याच पाच बाय सात फुटांत. यवतमाळकरांनी २०१८ चा उन्हाळा पाहिलेला आहे, त्यामुळे ड्रम काही हलणार नाहीत. दिवाळीच्या अभ्यंगाला त्यावर तेलही सांडते. म्हणजे आपली जमीन ओलीच राहणार असे धरून टाइल निवडावी लागते.

दुकानात गेल्यावर नमुन्याची टाइल खाली ठेवायला सांगा, तीवर साबणाचे पाणी ओता आणि अनवाणी तळवा घासून पाहा. दुकानदार हसला तर हसू द्या. काही टाइल्सवर 'आर ९', 'आर १०' असे आकडे असतात. आकडा वाढेल तशी पकड वाढते. पण ही जर्मन चाचणी बूट घालून, तेल लावलेल्या उतारावर करतात. अनवाणी पायांसाठी ए, बी, सी अशी वेगळी प्रतवारी आहे, तिच्यात सी सर्वांत चांगली. विक्रेत्याला हे सांगता आले नाही, तर आपला तळवा आहेच. जमिनीला मॅट, अँटिस्किड आणि लहान आकाराची टाइल घ्यावी, कारण जितके सांधे जास्त तितकी पकड जास्त. शिवाय जाळीकडे उतार नीट काढता येतो. उतार चुकला की पाणी कोपऱ्यात साचते आणि शेवाळ धरते.

मॅट टाइल मळते, ही दुकानदारांची तक्रार खोटी नाही. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे थर तिच्यावर बसतात. आठवड्यातून एकदा ब्रश मारावा लागतो, तेवढे कष्ट घ्यावे. मात्र ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करू नका. बंद न्हाणीत त्या वायूने जीव गुदमरतो.

हिशेबही सांगतो. पाच बाय सातला जमीन ३५ चौरस फूट, फुटाच्या टाइल ३५ लागतात. तोडफोडीसाठी दहा टक्के जास्त धरून ३९ घ्या, आणि साऱ्या खोक्यांवर एकच बॅच नंबर असू द्या. भिंती सात फूट उंचीपर्यंत धरल्या तर दार वगळून दीडशे चौरस फूट भरतात. चकाकीची हौस तिथे भागवा! टाइल लावण्यापूर्वीच कमोडजवळ आणि नळाजवळ धरायचा दांडा कुठे येणार, ते मिस्त्रीला दाखवा. नळाची तोटी किंवा टॉवेलची दांडी माणसाचे वजन पेलत नाही. दार बाहेर उघडणारे ठेवा. आत पडलेल्या माणसाच्या अंगाने आत उघडणारे दार अडते, हे मी अनुभवाने सांगतो.

गुरुजी बुधवारी पुन्हा आले. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन नमुने होते. आम्ही दोघांनी दवाखान्यामागच्या नळाखाली ते ओले केले, चपला काढल्या आणि कंपाउंडरकडून साबण मागवला.