श्रमिकाची संध्याकाळ कोणाच्या मालकीची?

बंगळूरला पोटासाठी येणाऱ्या श्रमिकाचे श्रम या शहराला हवे असतात. कामानंतर उरलेला त्याचा वेळ मात्र कोणाच्याच हिशेबात नसतो. १८०९ मध्ये इंग्रजांनी येथे लष्करी छावणी वसवली, तेव्हापासूनची ही रीत आहे. गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी १८६८ मध्ये क्लब निघाला. (त्याच्या वहीत तरुण चर्चिलच्या नावे तेरा रुपयांची बुडीत बाकी आहे, आणि ती कौतुकाने दाखवली जाते, मजुराची उधारी अशी कोण जपेल?) छावणीची चाकरी करणारे राहत ते ब्लॅकपल्लीत, म्हणजे आजच्या शिवाजीनगरात.

या वस्तीने आपला विरंगुळा आपणच उभा केला. ८ सप्टेंबरला सेंट मेरी बॅसिलिकाचा रथ निघतो, तेव्हा तमिळ ख्रिस्ती कष्टकऱ्यांच्या गर्दीत इतर धर्मांचे लोकही मिसळतात. रमजानमध्ये रसेल मार्केटचा परिसर रात्री उशिरापर्यंत जागा असतो. तेथे तिकीट लागत नाही. मुंबईच्या गिरणगावात खानावळी आणि भजनी मंडळांनी हेच कार्य केले. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने त्याला वर्गजाणिवेची धार दिली.

आता करमणूक मॉलच्या काचेआड गेली आहे. पदपथावर बसणेही उपद्रव ठरते. पाळी सुटेपर्यंत ग्रंथालयांना कुलूप लागलेले असते. ती रात्री उघडी ठेवावीत. तेथे कानडीबरोबर तमिळ, उर्दू, ओडिया, बंगाली वृत्तपत्रेही ठेवावीत. ही मागणी कामगार संघटनांनी वेतनाच्या मागणीइतक्याच नेटाने लढवली पाहिजे.