मासे नसलेली टाकी

आमच्या सोसायटीत सध्या चर्चा एकच, तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीची. महिना होत आला. आत दिवा, पंप, दगड सगळं आहे, मासा एकही नाही. वर काका रोज त्यात चिमूटभर माशांचं खाणं टाकतात! ‘दगड जेवतात वाटतं,’ हा काकूंचा शेरा. मी मात्र काकांच्या बाजूने. ते खाणं कुजून अमोनिया होतो, आणि त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर वस्तीला यायला चार-सहा आठवडे सहज जातात. त्याआधी निमो, म्हणजे क्लाउनफिश, आणणं म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, फरक इतकाच की इथे जीव माशाचा जातो. काकांनी काचेवर मार्करने रेघ मारलीय. पाणी तिच्याखाली गेलं की ते साधं आरओचं पाणी ओततात, मिठाचं नाही. वाफ पाण्याची होते, मीठ खालीच राहतं, हे शाळेत शिकलेलंसुद्धा माणसं टाकीपुढे विसरतात. प्रवाळाच्या बाबतीत तर मी ऐकूनच घेणार नाही. कठीण प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. कोणी गुपचूप ‘पीस’ विकत असेल तर सरळ पाठ फिरवा. क्लाउनफिशची पैदास आता आपल्याकडे हॅचरीत होते, तिथलीच जोडी आणा. प्रवाळ बघायचेत? मालवणला जा.