जुन्या गाडीच्या टाकीत ‘कार्बन क्लीनर’ची बाटली ओतली की इंजिन खरंच साफ होतं का?

एमएच-32 पासिंगची, दहा-पंधरा वर्षं जुनी अल्टो, वॅगन आर, स्विफ्ट नाहीतर इंडिका. वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, जिल्ह्यात कुठंही जा, अशा गाड्या दिसतातच. पोरांची शाळा, बाजार, लग्नकार्य, आणि रात्री-बेरात्री कुणाला सेवाग्राम किंवा सावंगीच्या दवाखान्यात न्यायचं असेल तर तेही याच गाडीवर. त्यामुळं ती झटके देऊ लागली, पिकअप गेला, सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होईना की घरात टेन्शन येतं.

अशा वेळी मोबाईलवर रील दिसते. एक बाटली पेट्रोलच्या टाकीत रिकामी केली जाते, पुढच्या शॉटमध्ये काळाकुट्ट व्हॉल्व्ह चकचकीत झालेला असतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘इंजिनचा कार्बन साफ, ॲव्हरेज वाढणार’. किंमत काही शे रुपयांपासून हजाराच्या पुढे.

2025 च्या ऑगस्टमध्ये ई20 पेट्रोलवरून देशभर वाद पेटला आणि या बाटल्यांची चर्चा आणखी वाढली. ‘ई20 मुळं इंजिन खराब होतंय, हे टाका’ असा सरळ सल्ला दिला जाऊ लागला. यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे.

आधी ई20 चं गणित

पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळणं हे लक्ष्य आधी 2030 साठी होतं, ते अलीकडं ओढून 2025 वर आणलं गेलं. फेब्रुवारी 2023 मध्ये बंगळुरूत पंतप्रधान नरेंद्र मोदींनी ई20 ची विक्री सुरू केली. नितीन गडकरी तर कित्येक वर्षांपासून इथेनॉलचे सगळ्यात मोठे समर्थक आहेत, विदर्भातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. लिटरमध्ये ते 20 टक्के घातलं तर त्या लिटरमधली ऊर्जा साडेसहा टक्क्यांच्या आसपास घटते. नीती आयोगाच्या 2021 च्या रोडमॅपमध्येही जुन्या चारचाकींसाठी 6 ते 7 टक्के घट धरली होती. पेट्रोलियम मंत्रालयानं ऑगस्ट 2025 मध्ये मात्र आकडे जरा सौम्य सांगितले: नव्या धाटणीच्या गाड्यांत 1 ते 2 टक्के, बाकीच्यांत 3 ते 6 टक्के. म्हणजे शुद्ध पेट्रोलवर लिटरला 18 किलोमीटर देणारी गाडी ई20 वर 17 च्या आसपास येणार.

ही घट कार्बनमुळं नाही. इंधनातच दम कमी आहे. त्यामुळं ‘ई20 चं कमी झालेलं ॲव्हरेज परत मिळवा’ असं कुठल्या बाटलीवर लिहिलं असेल तर तो दावा इथंच पडतो. चार थेंब ओतून टाकीतली ऊर्जा वाढत नाही.

ई20 ची जुन्या गाडीतली खरी अडचण वेगळी आहे. इथेनॉल चांगलं द्रावक आहे. पंधरा वर्षं टाकीत आणि पाइपमध्ये चिकटून बसलेली घाण ते सोडवतं आणि ती जाऊन फ्युएल फिल्टरमध्ये अडकते. ते पाणीही शोषतं, त्यामुळं पावसाळ्यात महिनाभर न हललेल्या गाडीला त्रास होऊ शकतो. रबराचे होज आणि गॅस्केट हा तिसरा मुद्दा. काही जुन्या गाड्यांत 20 ते 30 हजार किलोमीटरनंतर असे पार्ट बदलावे लागू शकतात, हे मंत्रालयानंच मान्य केलंय. इथेनॉलमुक्त पेट्रोलचा पर्याय द्या, अशी याचिका सुप्रीम कोर्टात गेली होती. 1 सप्टेंबर 2025 ला ती फेटाळली गेली. खंडपीठावर तेव्हाचे सरन्यायाधीश, आपल्या अमरावतीचे भूषण गवई होते.

थोडक्यात, पंपावर हेच पेट्रोल मिळणार. मग कार्बनचं काय?

कार्बन साचतो कुठं?

इंजिनमध्ये कार्बन म्हणजे अर्धवट जळालेल्या इंधनाचा आणि तेलाचा थर. तो एका जागी नसतो, आणि सगळी मेख इथंच आहे.

इंजेक्टरच्या तोंडाशी चिकट थर बसतो, त्यामुळं फवारा नीट उडत नाही. आत येणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला बसतो. पिस्टनच्या डोक्यावर आणि दहनकक्षात बसतो. तिथं तो जाड झाला की गरम ठिपके तयार होतात आणि चढावर गाडी ‘टकटक’ करते, म्हणजे नॉकिंग. पिस्टनच्या रिंगांच्या खाचेत बसला की रिंगा अडकतात आणि इंजिन ऑइल प्यायला लागतं. थ्रॉटल बॉडीत बसला की गाडी सिग्नलला बंद पडते. डिझेलमध्ये ईजीआर व्हॉल्व्ह आणि इनटेक मॅनिफोल्ड काजळीनं गच्च होतात.

वर्ध्यासारख्या शहरात याला एक खास कारण आहे. घर ते बाजार तीन किलोमीटर, वर्धा ते सेवाग्राम आठेक किलोमीटर. थंडीच्या दिवसांत एवढ्यात इंजिन पूर्ण तापतच नाही. तापायच्या आत गाडी बंद, संध्याकाळी पुन्हा तेच. उन्हाळ्यात पारा 45 कडे जातो तेव्हा उलट चित्र: एसी लावून गाडी जागेवरच तासन्‌तास सुरू. थर साचायला दोन्ही सवयी पोषक.

बाटलीत असतं काय?

चांगल्या क्लीनरमध्ये काम करणारं रसायन म्हणजे पॉलीइथरअमाइन, लेबलवर ‘पीईए’. इंजिनच्या उष्णतेतही ते टिकतं आणि चिकट थर सोडवतं. स्वस्तातल्या कित्येक बाटल्यांत मात्र मुख्यतः केरोसीनसारखं द्रावकच असतं. लेबलवर ‘पीईए’चा उल्लेखच नसेल तर हजार रुपये कशाचे, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

डिटर्जंटचा उपयोग होतो याला पुरावा आहे. अमेरिकेत 1995 पासून सगळ्या पेट्रोलमध्ये डिटर्जंट घालणं सक्तीचं आहे. तिथल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेनं 2016 मध्ये चाचणी केली. 4 हजार मैल चालवल्याइतक्या वापरानंतर, जास्त डिटर्जंट असलेल्या ‘टॉप टियर’ पेट्रोलवर व्हॉल्व्हवरचा थर साध्या पेट्रोलच्या तुलनेत सरासरी 19 पट कमी निघाला. आपल्याकडं एचपीचं ‘पॉवर’, भारत पेट्रोलियमचं ‘स्पीड’, इंडियन ऑइलचं ‘एक्सपी95’ ही ब्रँडेड पेट्रोलं याच प्रकारच्या ॲडिटिव्हच्या नावावर विकली जातात.

पण ही चाचणी होती थर साचू न देण्याची. पंधरा वर्षांचा दगड झालेला थर एका टाकीत काढायचा हे दुसरंच काम. तो काही प्रमाणात निघतो, एका बाटलीत सगळा नाही.

दुसरी अट तर रीलवाले सांगतच नाहीत. बाटली टाकीत ओतली की रसायन तिथंच पोहोचतं जिथं पेट्रोल पोहोचतं. जुन्या अल्टो-वॅगन आरमध्ये, म्हणजे एमपीएफआय इंजिनात, पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागं फवारलं जातं. म्हणून इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह दोन्ही धुतले जातात. यासाठी बाटली जुन्या साध्या पेट्रोल गाडीलाच जास्त लागू पडते, महागड्या नव्या गाडीला कमी. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत, उदाहरणार्थ पोलो जीटी टीएसआय, पेट्रोल थेट दहनकक्षात जातं. व्हॉल्व्हच्या पाठीला ते शिवतच नाही, मग तिथला कार्बन बाटली कशी काढणार?

थ्रॉटल बॉडीतून तर फक्त हवा जाते. गाडी आयडलला बंद पडत असेल तर आधी शंका तिथं घ्यावी, आणि तिचा इलाज म्हणजे थ्रॉटल उघडून क्लीनर स्प्रे मारून पुसणं. मिस्त्रीचं थोड्या वेळाचं काम. डिझेलचा ईजीआरही इंधनाच्या वाटेवर नाही. स्विफ्टसह कितीतरी गाड्यांत असलेलं 1.3 लिटरचं डिझेल इंजिन घ्या. टाकीत कितीही महाग बाटली ओता, ईजीआरची काजळी तशीच राहणार. तो काढूनच साफ करावा लागतो.

काही वर्कशॉपमध्ये पाण्यापासून हायड्रोजन-ऑक्सिजनचा वायू तयार करून तो अर्धा-पाऊण तास इंजिनात सोडणारं मशीन असतं. त्याच्या जाहिराती दणक्यात असतात. पण हा वायू जळतो दहनकक्षात आणि व्हॉल्व्हची पाठ असते बाहेर. कॅमेरा आत घालून आधीचा आणि नंतरचा फोटो दाखवा म्हटलं की निम्मी चर्चा संपते.

जुन्या इंजिनात धोका कुठं?

पेट्रोलमध्ये टाकायचं क्लीनर, ठरलेल्या मापात टाकलं, तर सहसा इंजिन बिघडवत नाही. दोन-तीन बाटल्या एकदम ओतून दुप्पट फायदा होत नाही. सोडवलेला कचरा आणि थोडं रसायन रिंगांच्या फटीतून ऑइलमध्ये उतरतं, म्हणून ऑइल बदलायच्या थोडं आधी बाटली टाकणं शहाणपणाचं. दोनशे रुपयांच्या पेट्रोलात पूर्ण बाटली ओतू नका; बाटलीवर जितक्या लिटरचं माप आहे तितकं पेट्रोल टाकीत हवं.

घोटाळा होतो तो ‘इंजिन फ्लश’मध्ये. दिसायला बाटली तशीच, पण ती टाकीत नाही, इंजिन ऑइलमध्ये टाकायची असते. ज्या गाडीचं ऑइल वर्षानुवर्षं वेळेवर बदललेलं नाही, तिच्या आत घट्ट गाळ असतो. फ्लशनं तो एकदम सुटला तर ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसू शकतो. जाळी तुंबली, ऑइलचा दाब गेला, की बेअरिंग जातात आणि इंजिन उघडून बांधायची वेळ येते. हजाराच्या कामातून खर्च काही दहा हजारांवर जातो आणि गाडी किती दिवस उभी राहील ते वेगळंच. अशा गाडीला फ्लशपेक्षा दर दोन-तीन हजार किलोमीटरला एक-दोनदा लवकर ऑइल आणि फिल्टर बदलणं बरं. गाळ हळूहळू निघतो.

आणखी एक फसगत. गाडी निळा धूर मारतेय, ऑइल कमी होतंय, तर कार्बन हा परिणाम आहे, कारण नाही. रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील झिजलेत. अडकलेली रिंग क्लीनरनं कधीमधी मोकळी होते, झिजलेली होत नाही.

म्हणून खर्च करण्याआधी मिस्त्रीला प्लग काढून दाखवायला सांगा. प्लग कोरडा काळा असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त जातंय: एअर फिल्टर, सेन्सर, इंजेक्टर बघा. ओला, तेलकट काळा असेल तर ऑइल जळतंय, कॉम्प्रेशन तपासा. प्लग ठीक आणि तरी पिकअप नसेल तर फ्युएल फिल्टर, ई20 नंतर तर आधी तोच. यातलं एकही काम बाटलीच्या किमतीपेक्षा फार महाग नाही.

इंजेक्टरवरच संशय असेल तर बाटली टाकून बघायला हरकत नाही. कूलंट आणि ऑइल ठीक असेल तर त्याच टाकीवर एक लांब फेरी मारा. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातूनच जातो; पूर्ण तापलेलं इंजिन तास-दीड तास एका लयीत चालणं हेही कार्बनसाठी औषधच आहे. टायर जुने असतील तर मात्र तिकडं जाऊ नका.

फायदा झाला की नाही, हे कानानं ठरवू नका. हजार रुपये घातले की गाडी आपोआप स्मूथ वाटते. आधी टाकी फुल करून किलोमीटर लिहा, पुन्हा फुल करून भागाकार करा. बाटलीनंतर त्याच रस्त्यावर तेच करा. दुसरा पुरावा पीयूसीच्या कागदावर असतो. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, दोन्ही आकडे तिथं छापलेले असतात. बीएस-4 पेट्रोल गाडीला मर्यादा 0.3 टक्के आणि 200 पीपीएम, त्याआधीच्या बीएस-2, बीएस-3 गाड्यांना 0.5 टक्के आणि 750 पीपीएम. जुनी पीयूसी शोधून काढा, बाटलीनंतर नवी काढा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. आकडे हलले नसतील तर दुसरी बाटली घेऊ नका.